विषाणुपरीक्षा, रेणवीय : कडधान्य पिके

वनस्पतीच्या ऊतकांत शिरलेल्या विषाणूची ओळख त्याच्या न्यूक्लिइक अम्लावरून पटविण्याची पद्धती. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात तिचे प्रयोजन विशेष जाणवते. कारण हा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो, आणि येथील चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या जमिनीत लोह मिळेनासे झाले म्हणजे मूग-उडदाची कोवळी पाने पिवळी पडतात, झडीने वावरात पाणी तुंबले तरी पडतात, आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या केवडा या विषाणुरोगानेही पडतात. लोहाच्या उणिवेत शिरा हिरव्या राहतात व केवड्यात गर्द पिवळे चट्टे अनियमित पसरतात, हा भेद जाणता कास्तकार सहसा चुकत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच झाडावर असले, किंवा रोग नुकताच शिरला असला, तर नजरेचा दाखला लंगडा पडतो.

मुगावरील केवड्याची नोंद १९५५ मध्ये दिल्लीस झाली. त्याला कारण होणारे ‘मुंगबीन यलो मोझॅक’ व ‘मुंगबीन यलो मोझॅक इंडिया’ हे दोन विषाणू शेतात एकसारखेच दिसतात; प्रत्येकाचा डीएनए सुमारे २,७०० घटकांच्या दोन वलयांत विभागलेला असल्यामुळे त्यांतील फरक रेणूच्या पातळीवरच उलगडतो. परीक्षेसाठी शेंड्याचे कोवळे पान घेतात, कारण जून पानातील चिकट शर्करा व फिनॉल द्रव्ये पुढील विक्रियेत अडथळा आणतात. पान खलून डीएनए वेगळा केला की पॉलिमरेज शृंखला विक्रियेत तो सुमारे ९४° से. ला उलगडतो, ५०° ते ६०° ला नेमके प्रारंभक त्यास चिकटतात, ७२° ला नवी प्रत तयार होते. अशी तीस-पस्तीस आवर्तने झाल्यावर अ‍ॅगारोजच्या थरात, जंबुपार प्रकाशाखाली, नारिंगी पट्टा उमटतो. शेजारी निरोगी पानाचा नमुना चालविल्यावाचून दिलेला निकाल ग्राह्य धरू नये, हे सांगावे लागते, एवढी त्यात कसूर होते.

तुरीच्या वांझ रोगाची हकीकत निराळी. झाड हिरवेगार, झुडपासारखे वाढते, खताने माजल्यासारखे भासते आणि फुलतच नाही. बिहारातील पुसा येथून १९३१ मध्ये वर्णिलेल्या या रोगाचा विषाणू, वाहक कोळी माहीत असूनही, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हाती लागला नाही. तो पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील संशोधनातून उजेडात आला. तो आरएनए-विषाणू असल्याने आधी त्याची डीएनए-प्रत करावी लागते, आणि आरएनए लवकर विघटित होत असल्याने पाने बर्फात ठेवूनच अकोल्याच्या प्रयोगशाळेत न्यावी लागतात.

निदानाने रोगी झाड बरे होत नाही. खरा उपयोग पैदासकारांना. बदनापूरच्या ‘बीएसएमआर ७३६’सारख्या प्रतिकारक तुरीचे पाणी एका मुलखात टिकते व दुसऱ्यात उतरते, ते विषाणूच्या भिन्न प्रकारांमुळे, आणि त्याची शहानिशा याच मार्गाने होते. जपानी संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेली लॅम्प ही डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धती ६०° ते ६५° च्या एकाच तापमानावर चालते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही ती शक्य आहे. मात्र ती इतकी संवेदनशील, की आदल्या नमुन्याचा लेशही हातमोज्याला राहिला तर निरोगी पान रोगी ठरते.