निधनाच्या पोस्टवर 😂, सौद्याच्या मेसेजवर 👍? इमोजी पाठवण्याआधी खरा अर्थ बघा

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुःखद निधनाची पोस्ट पडली की खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. अन् मध्येच कुणाचा तरी 😂 येऊन बसतो. टाकणाऱ्याला वाटतं, रडणारा चेहरा आहे. प्रत्यक्षात तो हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आहे. इमोजींची अधिकृत नावं यूनिकोड ही संस्था ठरवते, त्या यादीत त्याचं नाव 'आनंदाश्रूंचा चेहरा' असंच आहे. चष्मा जवळ नसला की अश्रू दिसतात, हसू दिसत नाही. दुःख कळवायचं तर एकच अश्रू असलेला 😢 घ्यावा.

😭 म्हणजे धाय मोकलून रडणं. पण कॉलेजची पोरं हाच इमोजी 'हसून मेलो' म्हणून वापरतात, तेव्हा भाच्याचा असा मेसेज आला तर लगेच घाबरून फोन लावू नये.

श्रद्धांजलीत हमखास चुकणारा दुसरा इमोजी म्हणजे 😪. तो थेंब अश्रू नाही. जपानी चित्रकथांमध्ये गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकाशी असा फुगा काढतात, म्हणून हा इमोजी झोपेचा. इमोजीचं मूळच जपानी मोबाइल कंपन्यांकडे. शब्दही जपानी: 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. नाकातून वाफ सोडणारा 😤 आपल्याकडे रागाचा समजतात, यादीत मात्र तो विजयाच्या आवेशाचा आहे. 🙏 म्हणजे दोघांची टाळी, असंही अधूनमधून फिरतं. ते खरं नाही, ते जोडलेले हातच आहेत.

हे सगळं फार तर हसण्यावारी जाईल. पैशाचा प्रश्न येतो तो 👍 मध्ये.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात 2021 मध्ये एका धान्य खरेदीदार कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि करार पक्का करा, असं कळवलं. भाव ठरला होता 17 डॉलर बुशेल (बुशेल हे तिकडचं माप). शेतकऱ्याने उत्तरात फक्त 👍 पाठवला. नोव्हेंबरपर्यंत भाव 41 डॉलरवर गेला आणि माल काही पोचला नाही. 'करार मिळाला, एवढंच म्हणायचं होतं,' असं शेतकऱ्याचं म्हणणं. 2023 मध्ये कोर्टाने ते मानलं नाही. आधीचे सौदेही त्याने 'ओके', 'बरोबर' अशा एका शब्दावर मान्य करून माल दिला होता, म्हणून अंगठा सहीसारखाच धरला गेला. भरपाई बसली 82 हजार डॉलरहून जास्त. पुढे अपिलातही निकाल कायम राहिला.

आपल्याकडचं प्रकरण नेमकं उलट गेलं. एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येच्या मेसेजवर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने 👍 टाकला. हत्येचा आनंद व्यक्त केला, असं धरून त्याला नोकरीवरून काढलं. 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो अंगठा 'मेसेज बघितला' एवढ्याच अर्थाने घेता येतो असं मानलं आणि त्याला परत कामावर घेण्याचा आदेश कायम ठेवला.

अंगठा तोच, पण आधी काय बोलणं झालं यावर अर्थ फिरला. कॅनडाचा निकाल इथे लागू नाही. तरी आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 10अ प्रमाणे, केवळ मोबाइलवर झाला म्हणून करार बाद ठरत नाही. व्यापाऱ्याने कांद्याचा भाव, वजन आणि तारीख पाठवली असेल आणि सौदा अजून पक्का करायचा नसेल, तर 'मेसेज मिळाला, उद्या सांगतो' असं सरळ लिहावं. टाइप जमत नसेल तर व्हॉइस मेसेज करावा.

चुकून भलताच इमोजी गेला तर मेसेजवर बोट दाबून धरावं आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' निवडावं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यासाठी सुमारे अडीच दिवस मिळतात. 'डिलीट फॉर मी' दाबलं तर तो फक्त आपल्या फोनमधून जातो, ग्रुपला दिसतच राहतो.