कृत्रिम रंगांचा आद्य प्रवर्तक : विल्यम हेन्री पर्किन

ज्या समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगाच्या कुंडावर चरितार्थ चालविला, त्याच्या स्मरणिकेत एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असे काही ज्ञातिबांधव विचारतील. आमचे उत्तर इतकेच की, आपला धंदा कोणी व कसा पालटला हे ज्यास ठाऊक नाही, त्यास आपला इतिहासही पुरता ठाऊक नाही.

पर्किन यांचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी लंडन येथे झाला. वडील सुतारकाम व बांधकाम करीत. मुलाने वास्तुशिल्पज्ञ व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु शाळेत टॉमस हॉल नावाचे शिक्षक मधल्या सुटीत रसायनशास्त्रावर व्याख्याने देत, आणि ती ऐकण्यासाठी हा मुलगा जेवणही सोडी. हॉल यांनीच वडिलांचे मन वळविले. १८५३ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमन या जर्मन आचार्यांच्या हाताखाली शिकू लागला.

हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने करता येईल काय, हा गुरूंचा प्रश्न होता. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत पर्किन यांनी घरच्या लहानशा प्रयोगशाळेत तो प्रयत्न केला. अणूंची बेरीज जुळली की पदार्थ सिद्ध होईल, असा त्यांचा तर्क होता. अणूंची मांडणी त्या काळी ज्ञातच नव्हती. क्विनीन अर्थातच मिळाले नाही. पुढे डांबरापासून काढलेल्या ॲनिलीनवर तोच प्रयोग करताच काळा साका हाती आला. तो फेकून न देता त्यांनी मद्यार्कात विरघळविला, तों सुंदर जांभळा रंग प्रकटला! ते ॲनिलीन अशुद्ध होते, आणि त्या अशुद्धीवाचून हा रंग झालाच नसता. दैवाने दार उघडले खरे. परंतु आत पाऊल टाकण्यास डोळस माणूसच लागतो.

२६ ऑगस्ट १८५६ रोजी त्यांनी एकस्व मागितले, तेव्हा वय अवघे अठरा! हॉफमन यांस शिष्याने कारखानदारीत शिरणे रुचले नाही. वडिलांनी मात्र आयुष्याची पुंजी पुत्राच्या स्वाधीन केली. १८५७ मध्ये ग्रीनफर्ड ग्रीन येथे कारखाना उभा राहिला. रेशमावर रंग सहज चढे, सुतावर टिकेना. तेव्हा टॅनिनयुक्त द्रव्याचा उपाय योजावा लागला. आपले रंगारी हिरडा व तुरटी याच हेतूने वापरीत आले होते, हे येथे ध्यानी घ्यावे.

१८६९ मध्ये पर्किन यांनी मंजिष्ठेतील लाल द्रव्य, ॲलिझरीन, डांबरापासून करण्याची कृती सिद्ध केली. जर्मन रसायनज्ञांनी एकस्वासाठी त्यांच्या एकच दिवस आधी अर्ज केला होता. १८७४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, कारखाना विकून ते पुन्हा संशोधनाकडे वळले. १९०६ मध्ये त्यांच्या शोधाचा सुवर्णमहोत्सव होऊन त्यांस 'सर' हा किताब मिळाला, आणि १४ जुलै १९०७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

या शोधाने जगास स्वस्त रंग दिले; पण त्याची दुसरी बाजूही आहे. ॲलिझरीनने आपल्याकडील मंजिष्ठ व आल यांची बाजारपेठ बुडविली. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीची लागवड ढासळली. चंपारण्यातील मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेवर लादला. १९१७ चा गांधीजींचा लढा त्यातूनच उद्भवला. रंगाच्या कारखान्यांतील मजुरांस मूत्राशयाची दुर्धर गाठ होते, असे एका जर्मन वैद्याने १८९५ मध्येच दाखविले होते.

याचा दोष पर्किन यांस देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आपल्या पूर्वजांच्या हातात कसब होते. त्या कसबामागील कारण शोधणारी प्रयोगशाळा मात्र नव्हती. इंग्लंडनेही ती पुरेशी पोसली नाही, म्हणून हा धंदा जर्मनीकडे गेला. पर्किन यांच्या पाठीशी मधली सुटी देणारा एक शिक्षक होता आणि पुंजी देणारा एक पिता होता. आपल्या मुलांच्या पाठीशीही असे दोघे उभे राहोत, हीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती.