बांध, उघाडी आणि जिताडा

गच्चीवर माशांची टाकी, तिच्यावर खडी भरलेला ट्रे, ट्रेमध्ये पालक आणि टाकीत एक छोटा पंप. झालं अ‍ॅक्वापॉनिक्स! माशांचं घाण पाणी झाडांना खत, झाडांनी साफ केलेलं पाणी परत माशांना. आयटीवाल्यांना असली क्लोज्ड लूप सिस्टीम आवडली नाही तरच नवल.

या प्रकाराचा इतिहास वाचायला घेतला की साधारण ठरलेली नावं येतात. १९६९ साली सुरू झालेली अमेरिकेतली न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट, मग १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातले मार्क मॅकमर्ट्री आणि व्हर्जिन आयलंड्सचे जेम्स रॅकोसी. फार मागे गेलं तर चीनमधली माशांची भातखाचरं. आपला रायगड मात्र कुठेच नाही. खरं तर असायला हवा.

श्रीवर्धन तालुक्यातलं दिघी राजपुरी खाडीच्या तोंडाशी आहे. समोर आगरदांडा, जरा पलीकडे जंजिरा. या किनाऱ्यावर, आणि त्याहून जास्त वर अलिबाग-पेणच्या खारेपाटात, लोकांनी पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि खाजणाची शेतं केली. बांधात जागोजागी उघाडी. म्हणजे एक झडप. भरती आली की पाण्याच्या दाबानंच बंद, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडी. ना पंप, ना वीज. पावसानं जमिनीतला खार धुऊन निघाला की राता जातीचं, खारं पाणी थोडंफार सोसणारं भात लावायचं.

आणि मासा? पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं धरून गावच्या आणि शेतातल्या तळ्यांत सोडायची, मोठी झाली की काढायची. जिताडा समुद्रात अंडी घालतो, पण वाढतो गोड्या पाण्यातही. आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो! गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातले लोक परसातल्या अ‍ॅक्वापॉनिक्समध्ये जो बारामुंडी पाळतात, तो हाच मासा.

अर्थात हे काटेकोर अर्थानं अ‍ॅक्वापॉनिक्स नव्हे. इथे पाणी फिरवायला भरती-ओहोटी आहे, आणि भात अमोनिया बऱ्यापैकी थेट उचलतं. गच्चीवरच्या टाकीत मात्र आधी जीवाणूंना अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करावं लागतं. हे जीवाणू जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधीच टाकी माशांनी भरली तर मासे मरतात. पुढेही रोज खाद्य मोजून घालायचं, पीएच ७ च्या आसपास ठेवायचा, आणि पंप बंद पडला तर काही तासांत धावपळ करायची.

थोडक्यात काय, सिस्टीम उभी करणं सोपं, चालवणं अवघड. खारेपाटाचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

बांध सांभाळणार कोण? कुलाबा आणि जंजिरा यांचं १८८३ चं गॅझेटियर शिलोत्री नावाची पद्धत सांगतं. ज्यानं पदरच्या खर्चानं जमीन खाडीतून काढली तो शिलोत्रीदार. सरकारी साऱ्याखेरीज कुळांकडून बिघ्यामागे मणभर भात घ्यायचा त्याला हक्क होता, कारण समुद्राकडचा मुख्य बांध दुरुस्त ठेवणं त्याच्या गळ्यात. चक्क एएमसी! पण चिखलात उतरून राबायचं कुळानं आणि पीक जायचं सावकार-खोताच्या कणगीत. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावातून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. दिघी तेव्हा जंजिरा संस्थानात होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं.

पुढे कूळकायद्यानं जमीन कसणाऱ्याची झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण बांध कोणा एकाचा राहिला नाही. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानं त्याचा मोठा भार सरकारवर आला. दुरुस्तीची फाईल फिरत असते तेव्हा भरती काही थांबत नाही. बांधाला एक खांड पडली की खारं पाणी आत, आणि शेत पुढचे काही हंगाम नापीक. जिथे खांड बुजलीच नाही तिथे तिवरं उगवली.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघीही आहे. बंदर, कारखाने, रस्ते येतील. नोकऱ्याही येतील, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण दरवर्षी बांधावर माती टाकण्याची सवय आणि उघाडी केव्हा अडकते याची जाण, ही एकदा गेली की कुठल्या मॅन्युअलमधून परत मिळायची नाही.

असो. गच्चीवर टाकी जरूर बसवा. फक्त पंप कुठला घ्यायचा याच्या आधी एक ठरवा: आपण गावाला गेलो की तिच्याकडे बघणार कोण?