कढई : अर्थ आणि व्युत्पत्ती

कढईत तेल कढते. तेव्हा 'कढणे' या क्रियापदावरूनच 'कढई' हे नाव पडले असावे, असे मराठी भाषकास सहज वाटते. शब्दाचा इतिहास मात्र या समजुतीस दुजोरा देत नाही.

'कढणे' आणि 'काढा' यांचे मूळ संस्कृत 'क्वथ्' या धातूत आहे. प्राकृतात त्याचे 'कढइ' असे रूप झाले. 'कढई'चा पूर्वज आहे 'कटाह'. दोन स्वरांमधील 'ट'चा प्राकृतात 'ड' होऊन 'कडाह' हे रूप सिद्ध झाले. हिंदीतील 'कड़ाही'त हा हकार आपल्या जागी टिकून आहे. मराठीत तो मागे सरकून 'ड'मध्ये मिसळला. अर्थात 'कढई' आणि 'कढणे' यांतील 'ढ' उच्चाराने एक असला, तरी दोहोंची कुळे भिन्न आहेत.

अर्थाची साक्षही हीच आहे. संस्कृतात 'कटाह' म्हणजे पसरट, खोलगट पात्र. शिवाय कासवाचे कवच आणि मस्तकाची कवटी यांनाही हा शब्द लागतो. 'सूर्यसिद्धान्ता'त ब्रह्मांडाला परस्परांवर पालथ्या ठेवलेल्या दोन कटाहांच्या संपुटाची उपमा दिली आहे. कवच, कवटी आणि ब्रह्मांड यांत उकळण्याचा काहीच संबंध नाही. समान आहे तो वक्राकार. पुढे पात्राचे नाव पदार्थासही मिळाले. शीख परंपरेतील 'कडाह प्रसाद' हे त्याचे ठळक उदाहरण होय.

'कटाह' हे एका दूरदेशाचेही नाव होते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'तील ताम्रलिप्तीचा व्यापारी कटाहद्वीपास जातो. मलय द्वीपकल्पातील केडाह तो हाच प्रदेश, असे अभ्यासक मानतात. तमिळमध्ये त्यास 'कडारम्' म्हणत, इ. स. १०२५च्या सुमारास राजेंद्र चोळाच्या आरमाराने तो जिंकला. मात्र नाव जुळते एवढ्यावरून या देशाचे नाव पात्रावरून पडले, असे म्हणणे म्हणजे 'कढणे'च्या बाबतीत होणारी चूक पुन्हा करणे होय.

नादसाम्य हे व्युत्पत्तीच्या शोधाचे निमित्त होऊ शकते, प्रमाण नव्हे. ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि अर्थाची परंपरा या दोहोंची साक्ष जुळली, तरच नाते सिद्ध होते. स्वयंपाकघरातील नित्याचा शब्दही ही कसोटी मागतो.