सारखे काय, वेगळे काय?

स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फ गावात 1800 च्या सुमारास भरणाऱ्या एका वर्गाच्या भिंतीवर जुना, फाटका वॉलपेपर होता. शिक्षक मुलांना त्याच्यासमोर उभे करीत आणि काय दिसते ते विचारीत. मुले भोके मोजत, फाटलेल्या जागांचे आकार सांगत. कुठले भोक लांब, कुठले गोल, कुठल्या नक्षीचा रंग उडालेला, हे पाहत. ते शिक्षक म्हणजे योहान हाइनरिख पेस्तालोझी. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या योहानेस राम्साउअर या विद्यार्थ्याने पुढे या वर्गाच्या आठवणी लिहून ठेवल्या. आज तिसरी-चौथीच्या पुस्तकात ‘साम्य व फरक सांगा’ असा प्रश्न दिसतो, त्याची एक लांबची मुळी या भिंतीपाशी पोचते.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे माणसाला शाळेने शिकवले नाही. बाजारात वांगी निवडताना, बी-बियाणे पारखताना ते चालतेच. पेस्तालोझींचे म्हणणे असे की, लहान मुलाच्या शिक्षणाची सुरुवातच तिथून व्हावी. त्यांच्या काळातल्या शाळेत प्रश्नोत्तरे आणि धर्मवचने तोंडपाठ करणे हाच अभ्यास होता. 1801 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात आई मुलाला कसे शिकवते याची पत्रे आहेत. वस्तू किती आहेत, त्यांचा आकार कसा आहे, त्यांना काय म्हणतात, या तीन प्रश्नांवर त्यांनी सगळे प्राथमिक शिक्षण उभे केले. गणित, चित्रकला आणि भाषा असे तीन विषय एकाच पाहण्यातून निघतात, हा विचार त्या वेळी अगदी नवा होता.

पुढे 1805 पासून वीस वर्षे त्यांची शाळा इव्हेर्दों गावी चालली. तिथला भूगोलाचा पाठ मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मुलांना जवळच्या ब्यूरों नदीच्या खोऱ्यात नेत. ती खोरे न्याहाळत, तिथलीच माती टोपल्यांतून शाळेत आणत आणि मोठ्या टेबलांवर त्या खोऱ्याची प्रतिकृती घडवत. पुन्हा फिरायला जायचे, पुन्हा मातीत भर घालायची. हे सगळे झाल्यावर नकाशा त्यांच्यासमोर येई. खरे खोरे, मातीचे खोरे आणि कागदावरचे खोरे यांत काय टिकले आणि काय गळाले, हे मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

ही शाळा पाहायला युरोपभरातून माणसे येत. त्यांत कार्ल रिटर हा जर्मन तरुण होता. 1817 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या भूगोलग्रंथाने प्रदेशांची तुलना हीच अभ्यासाची पद्धत म्हणून मांडली. आधुनिक भूगोलाच्या संस्थापकांत ज्याचे नाव घेतले जाते, त्या रिटरने या पद्धतीचे श्रेय पेस्तालोझींना दिले.

इंग्लंडमधून आलेल्या चार्ल्स मेयो यांनी इव्हेर्दोंला सुमारे तीन वर्षे काढली. ते परतल्यावर त्यांच्या बहिणीने, एलिझाबेथ मेयो यांनी, वस्तूंवरच्या पाठांचे एक पुस्तक लिहिले. 1830 च्या आसपास ते निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. पहिला पाठ काचेच्या तुकड्याचा. मग रबर, चामडे, साखर, स्पंज, लोकर, पाणी. नुसते गुण ओळखून झाले की मुलांना वस्तूंची तुलना आणि वर्गवारी करायला लावायची, आणि त्यासाठी निवडले होते मसाल्याचे पदार्थ: मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ, जायपत्री. कोणते झाडाचे बी, कोणती साल, कोणती कळी. आणि तरीही हे सगळे एकाच गटात का? मराठी घरातल्या मिसळणाच्या डब्यावर घेता येईल असा हा पाठ दोनशे वर्षांपूर्वी लंडनजवळच्या मुलांना मिळत होता.

पण याच पुस्तकाने या पद्धतीचे नुकसानही केले. पाठ छापला गेला, तशी उत्तरेही छापली गेली. मग काच समोर नसली तरी वर्गात ‘पारदर्शक, गुळगुळीत, ठिसूळ’ हे शब्द घोकले जाऊ लागले. चार्ल्स डिकन्स यांच्या 1854 च्या कादंबरीत एक मुलगा घोड्याची व्याख्या धडाधड म्हणून दाखवतो. घोड्यांच्या सहवासात वाढलेल्या मुलीला मात्र ती सांगता येत नाही आणि ती गप्प उभी राहते. पाहणे संपून सांगणेच उरले, की काय होते, हे त्या प्रसंगाइतके नेमके क्वचितच कोणी लिहिले असेल. खुद्द पेस्तालोझींच्या वर्गातही ‘मला वॉलपेपरला भोक दिसते’ अशी वाक्ये मुले सामुदायिक सुरात पुन्हा पुन्हा म्हणत. दोष पुढच्यांनीच आणला, असे नाही.

फ्रेडरिक फ्रोबेल हे इव्हेर्दोंला 1808 ते 1810 अशी दोन वर्षे राहिले. 1837 मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केले. त्यालाच पुढे ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. मुलांच्या हाती देण्याच्या साहित्याला ते ‘देणगी’ म्हणत. त्यांतल्या दुसऱ्या देणगीत लाकडाचा एक गोल, एक घन आणि एक वृत्तचिती असते. गोल घरंगळतो, घन बसून राहतो आणि वृत्तचिती आडवी ठेवली तर घरंगळते, उभी ठेवली तर स्थिर राहते. दोन टोकांच्या मधली, दोघांशी नाते सांगणारी वस्तू मुलाच्या हातात ठेवायची, ही कल्पना फार सखोल आहे. फरक दाखवणे सोपे; फरकातून साम्याकडे नेणारा दुवा दाखवणे कठीण, आणि फ्रोबेलनी तो तीन ठोकळ्यांत दाखवला.

ही पद्धत महाराष्ट्रात आणण्यात पंडिता रमाबाईंचा वाटा मोठा. अमेरिकेत असताना त्यांनी फिलाडेल्फियात किंडरगार्टनचे शिक्षण घेतले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केल्यावर ते इथल्या मुलींपर्यंत पोचवले.

मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. रंग तोच, लाकूड तेच; बदलते ते फक्त आकारमान. तुलना शिकवायची तर एक गुण सोडून बाकी सगळे सारखे ठेवावे, म्हणजे मुलाचे लक्ष नेमके तिथेच जाते. रंगांच्या पट्ट्यांचाही क्रम ठरलेला: आधी सारख्या रंगांच्या जोड्या, नंतर एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटांची रांग.

दरम्यान, पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1908 च्या आपल्या बुद्धिमापन चाचणीत आठ वर्षांच्या मुलांना प्रश्न घातला होता: फुलपाखरू आणि माशी यांत फरक काय? लाकूड आणि काच यांत? वस्तू समोर नाही, आठवून सांगायचे. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी या चाचण्या मराठी व कन्नड मुलांसाठी बेतल्या आणि त्यांचे पुस्तक 1940 मध्ये आले. जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांना आढळले होते की मुलांना फरक आधी जाणवतो, साम्य नंतर. त्याचे कारण लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्या 1934 च्या ग्रंथात मिळते. ‘फुलपाखरू मोठे आहे’ एवढे म्हणायला डोळे पुरतात. ‘दोन्ही कीटक आहेत’ म्हणायला दोघांना पोटात घेणारी कल्पना मनात तयार असावी लागते. लहान वर्गात साम्याचा प्रश्न अडतो, तो मूल मंद असते म्हणून नव्हे.

इकडे भारतात माँटेसरीचे साहित्य महाग पडे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तेव्हापासून ही अडचण त्यांच्यापुढे होती. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ होत्या. समोर वारली मुले, आणि त्यांतली कित्येक गुरे राखणारी. तिथे शिंपले, बिया, पाने, दगड, काड्या हेच साहित्य झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात भरली. गुराख्यांसाठी ती कुरणावर गेली. रोमच्या लाकडी घनांना डहाणूच्या रानातले पर्याय शोधण्याचे हे काम भारतीय बालशिक्षणातली सर्वांत मोठी झेप आहे. ज्या मुलाला गवताच्या जाती आणि गुरांच्या सवयी ठाऊक असतात, त्याच्याकडे तुलनेचे भांडार शहरातल्या मुलापेक्षा मोठे असते; ते शाळेच्या भाषेत आणायचे तेवढे बाकी असते.

2001 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्झानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यापनाच्या परिणामकारक पद्धतींचे नऊ गट मांडले. त्यांत साम्य-फरक ओळखणे हा पहिला होता.

आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक विषयाच्या स्वाध्यायात आहे, आणि गाईडमध्ये त्याचे दोन रकान्यांचे तयार उत्तरही आहे. मेयोबाईंच्या पुस्तकाचे जे झाले, तेच इथे होते आहे. चौथीच्या मुलांना शिवरायांच्या किल्ल्यांची ओढ असते. त्यांच्यासमोर रायगड आणि सिंधुदुर्ग ठेवावेत. एक डोंगरावर, दुसरा मालवणच्या समुद्रात. हा फरक मुले क्षणात सांगतील. मग विचारावे, दोन्हीकडे पाण्याचे काय? रायगडावर गंगासागर तलाव, सिंधुदुर्गात चारही बाजूंना खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. साम्य असे प्रश्नाच्या पोटातून निघते, आणि इतिहासाच्या तासाला भूगोल व विज्ञान आपणहून येतात. शिक्षकांनी फळ्यावर तक्ता लिहून देण्याआधी वर्गाला एवढा वेळ द्यावा. पहिला रकाना मुलांनी स्वतः भरू द्यावा, चुकला तरी.