‘सति’ आणि वेतन

पालि भाषेतील ‘सति’ या शब्दाचा प्रवास आधुनिक बौद्ध इतिहासातील विचार करण्याजोगा विषय आहे. इ. स. १८८१ मध्ये सुत्तांचे इंग्रजी भाषांतर करताना टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी त्यास ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द योजिला. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी रुग्णांसाठी ध्यानवर्ग सुरू केले. त्यांत धम्माचा उल्लेख हेतुतः टाळला होता. पुढे रुग्णालयातून हा शब्द कचेरीत गेला.

या शेवटच्या टप्प्याची नोंद डेव्हिड गेलेस या उद्योगविषयक पत्रकाराने केली. मिनेसोटा राज्यातील जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीत २००६ पासून भरणाऱ्या ध्यानवर्गांविषयी त्यांनी २०१२ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये लिहिले. २०१५ मध्ये त्यांचा ‘माइंडफुल वर्क’ हा ग्रंथ निघाला. २०१२ सालीच या कंपनीने सुमारे ८५० नोकऱ्यांची कपात जाहीर केली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. उलट, एटना या विमा कंपनीचे तत्कालीन प्रमुख मार्क बर्टोलिनी यांनी ध्यानवर्गांबरोबरच २०१५ मध्ये किमान वेतन ताशी १६ डॉलर केले. त्याचा लाभ सुमारे ५,७०० कर्मचाऱ्यांना झाला.

गेलेस यांचा २०२२ मधील ग्रंथ जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख (१९८१–२००१) जॅक वेल्च यांच्याविषयी आहे. १९८० अखेर त्या कंपनीत ४,११,००० कर्मचारी होते. १९८५ अखेर २,९९,००० उरले. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता आम्हांस असे दिसते की, पहिल्यात ज्या ताणावर उपाय सांगितला आहे, त्याचे एक मोठे कारण दुसऱ्यात आले आहे. तो ताण केवळ कामगाराच्या चंचल चित्तातून आलेला नाही; मालकाच्या धोरणातूनही आला आहे.

कचेरीत ध्यान करणे यात गैर काही नाही. ब्रह्मदेशाचे महालेखापाल सयाजी ऊ बा खिन यांनी १९५० च्या सुमारास आपल्या कचेरीतच सहकाऱ्यांना विपश्यना शिकविली. प्रश्न आहे तो ध्यानासोबत काय आले याचा. अष्टांगिक मार्गात सम्मासति एकटी येत नाही. सम्यक कर्मान्त व सम्यक आजीविका तिच्यासोबत असतात. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सेवकाप्रमाणे मालकाचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, उत्तम पदार्थ वाटून घ्यावेत, वेळेवर विश्रांती द्यावी.

पूज्य बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून दाखविले. मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ झाले. विश्रांती हा त्यांच्या दृष्टीने उपदेशाचा नव्हे, हक्काचा व कायद्याचा विषय होता.

आमच्या उपासक-उपासिकांपैकी अनेकजण आज कंपन्यांत नोकरी करतात. तेथे ध्यानवर्ग भरल्यास त्यांनी अवश्य बसावे. मात्र वर्ग भरविणाऱ्या मालकाने आपली पाच कर्तव्ये पाळली आहेत काय, हेही त्यांनी त्याच जागरूकतेने पाहावे.