नाशिकचा हिरा : न झालेला तपास

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी रहस्यकादंबरीच्या सुरुवातीच्या टप्प्यातली ही महत्त्वाची कादंबरी. श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा इंग्लंडला जातो, तिथे चोरीला जातो आणि अखेर देवमूर्तीच्या कपाळी परत येतो, असे तिचे कथानक. त्याच सुमारास महाराष्ट्रातून गेलेला एक खराखुरा हिरा इंग्लंडमधल्या एका उमराव घराण्याकडे होता. त्याचे नाव नाशिकचा हिरा. त्याची कथा मात्र उलट्या दिशेने गेली.

हा हिरा त्र्यंबकेश्वराचा, असे परंपरा सांगते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातला हा हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरेट होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने मूळ त्रिकोणी घडण राखून त्याला नव्याने पैलू पाडले. वजन ८० कॅरेटच्या आसपास आले. १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे गेला. त्यांनी तो आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला.

या हिऱ्याच्या वयाची आणि रूपाची चर्चा न्यायालयात झाली ती अमेरिकेत, आणि तीही जकातीसाठी! १९२७ मध्ये पॅरिसचे जवाहिरे जॉर्ज मोबूसाँ यांच्यामार्फत हिरा तिकडे पोहोचला. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना तिथे आयात जकात माफ होती. त्या सवलतीत हिरा बसतो, असा आयातदारांचा दावा होता. एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याने हरकत घेतली. खालच्या न्यायालयाने दावा मान्य केला. अपिलात तो फिरला. हिरा जुना खरा, पण कायद्याच्या अर्थाने कलावस्तू नव्हे, असे ठरले. वाद जकात किती एवढाच होता. हिरा मुळात कोणाचा, हा प्रश्न तिथे कोणाच्याच कामाचा नव्हता. रहस्यकथेतला गुप्तहेर जो प्रश्न पहिल्यांदा विचारतो, तोच इथे राहून गेला.

त्यानंतर पुरावाच बदलला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी पॅरिसमध्ये हिरा विकत घेतला आणि तो पुन्हा कापवला. राहिले ४३.३८ कॅरेट, त्रिकोणाचा चौकोनी घाट झाला. यामागे लपवाछपवी नव्हती. चकाकी आणि बाजारभाव वाढवण्याचा हा व्यापारी मार्ग. परिणाम मात्र तोच. चित्रामागे सही-शिक्के राहतात, मूर्तीला तुटल्याची खूण राहते. हिऱ्याची ओळख त्याच्या वजनात आणि घडणीत असते. दोन्ही गेल्यावर उरते फक्त नाव. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्या नावासह तो ५ लाख डॉलरना विकला गेला.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. तिच्या पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव कोरलेले आहे. ती कोणाची, हे तलवार स्वतःच सांगते. तरीही आपलीच वस्तू आपल्याला दाम मोजून आणावी लागली. मग ज्याच्या अंगावर कसलीच अक्षरे नाहीत, त्या हिऱ्यासाठी कोणी काय सांगायचे? त्याच्या बाजूने बोलू शकतात ती जुनी कागदपत्रेच. म्हणून पेशवे दप्तरातली जवाहिराची एखादी यादीसुद्धा नीट वाचून छापली जायला हवी. कादंबरीकाराने हिरा शेवटच्या पानावर घरी पोहोचवला. आपल्याला निदान पहिले पान तरी नीट लिहून ठेवता येईल.